तिसरी लेक, तिचा स्प्लिंट आणि सरकारी मदत

नमस्कार ताई,

आम्ही देवगड तालुक्यातले. घरची साठ-सत्तर हापूसची कलमं, थोडे माड, आणि मी बचत गटातून आंबापोळी-फणसपोळी करते. सगळं मिळून वर्षाला पावणेतीन-तीन लाख सुटतात, तेही आंबा धड लागला तर. आम्हाला दोन मुली, अकरा आणि आठ वर्षांच्या. तिसरं मूल दत्तक घ्यायचं असं दोघांनी ठरवलं आणि गेल्या वर्षी ‘कारा’च्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी केली. दोन मुलं असल्यामुळे आम्हाला विशेष गरजा असलेलं किंवा सहसा घर न मिळणारं मूलच घेता येईल असं कळलं. त्याला आमची तयारी आहे. घरभेट होऊन अहवालही झाला. आता पोर्टलवर पाच वर्षांची एक मुलगी दिसते आहे. सेरेब्रल पाल्सी आहे, पायाला स्प्लिंट लावून चालते असं लिहिलंय. दोनदा पान उघडलं आणि बंद केलं.

अडतंय ते पैशाशी. यजमानांचा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे अशा मुलांसाठी सरकार दरमहा पैसे देतं. आमच्या वाडीतल्या एका आजीला आईबाप गेलेल्या नातवासाठी महिन्याला २,२५० रुपये येतात. मग आम्हाला काही मिळेल का? तालुक्याला एकजण म्हणाला, उत्पन्नाचा दाखला कमी करून आणतो आणि ‘संजय गांधी’चे पैसे चालू करून देतो. सासूबाई म्हणतात, “आमचीच पोरां सांभाळूक नाकी नऊ इले, आनी ह्या आनीक कित्याक?” त्यात यजमान ग्रामपंचायत सदस्य आहेत, तिसरं मूल आलं तर सदस्यत्व जाईल अशी त्यांना धास्ती. काय करावं?

– एक आई, देवगड तालुका

---

ताई,

आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं बोलू. विशेष गरजा असलेलं मूल दत्तक घेतलं म्हणून आईबापांच्या खात्यात दरमहा रक्कम टाकणारी योजना आपल्याकडे नाही. केंद्राची नाही, महाराष्ट्राचीही नाही. जी मदत आहे ती मुलीच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळते आणि तिच्यासाठी दत्तकपत्र लागत नाही. उद्या तुमच्या पोटच्या मुलीला हाच त्रास असता तर तिला जे मिळालं असतं तेच हिला मिळेल. जास्त नाही आणि कमीही नाही. दत्तकाचा आदेश झाला की कायद्याने ती पूर्णपणे तुमची होते, तुमच्या सातबाऱ्याला वारस म्हणून लागण्याइतकी तुमची. सरकारच्या लेखी मग ती निराधार राहत नाही.

तुमच्या वाडीतल्या आजीचं गणित इथेच वेगळं होतं. त्यांना मिळतात ते बालसंगोपन योजनेचे पैसे. आईबाप नसलेलं किंवा आईबापांना सांभाळता न येणारं मूल संस्थेत न जाता कुणाच्या तरी घरी राहावं, यासाठी ती योजना आहे. आजीने नातवाला दत्तक घेतलेलं नाही, ती त्याला सांभाळते आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही प्रतिपालक कुटुंबाला महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे, पण तेही सांभाळण्यासाठीच. एक घोळ इथे नेहमी होतो. मुलगी घरी आल्यापासून आदेश होईपर्यंत ती तुमच्याकडे ‘दत्तकपूर्व संगोपना’त असते. हा शब्द ऐकून लोकांना वाटतं, निदान तेवढे महिने तरी चार हजार मिळतील. नाही मिळत. दोन्ही ठिकाणी संगोपन असलं तरी खाती वेगळी आहेत.

अमेरिकेतल्या भावाचं म्हणणं खोटं नाही. तिथे १९८० च्या कायद्यापासून अशी मासिक मदत चालू आहे. सरकारच्या ताब्यात असलेली मुलं वर्षानुवर्षं या पालकाकडून त्या पालकाकडे फिरत राहण्यापेक्षा त्यांना कायमचं घर मिळावं, म्हणून ती सुरू झाली. त्यांच्या ‘विशेष गरजा’ही आपल्यापेक्षा रुंद आहेत. मूल मोठं आहे, भावंडांसोबत एकत्रच द्यायचं आहे, अशी कारणंही त्यात बसतात. मदतीचा करार दत्तक पक्कं होण्याआधी करावा लागतो. गंमत म्हणजे, तिथल्याच एखाद्या जोडप्याने भारतातून असं मूल नेलं तर त्यांना ही मासिक मदत सहसा मिळत नाही. तेव्हा भावाला सांगा, माहिती बरोबर आहे, पत्ता चुकला.

आता तालुक्याच्या त्या माणसाबद्दल. हा भाग जरा लांबवते, कारण तुमच्या पत्रातला खरा धोका तिथे आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये झाले. ऐकायला बरं वाटतं. पण दिव्यांग लाभार्थीच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे ५०,००० रुपये. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाहीत. आज रोजंदारीने बागेत जाणाऱ्या गड्याचं घरसुद्धा प्रामाणिकपणे मोजलं तर त्यात बसत नाही. माझ्या मते ही मर्यादा लोकांना खोटं बोलायला भाग पाडते आणि ती कधीच वाढायला हवी होती. पण आज ती आहे, आणि तुम्ही तिच्या पाचपट वर आहात. तो माणूस काय करणार? तलाठ्याकडे कलमं कमी दाखवणार, बाग खंडाने दिली आहे आणि खंड फुटकळ आहे असं लिहून आणणार, बचत गटाचं नावच काढणार नाही. दाखला तहसीलचाच असेल, शिक्का खरा असेल, आतला आकडा तेवढा खोटा.

आणि तुमच्या घरी येऊन गेलेल्या सामाजिक कार्यकर्तीने तुमचं उत्पन्न आधीच लिहून घेतलं आहे. दत्तक नियमावलीत आईबाप शरीराने, मनाने आणि पैशानेही सक्षम असावेत अशी अट आहे. तिथे तुम्ही सांगितलंत की आम्हाला तिसरं मूल झेपतं. मग सहा महिन्यांनी तहसीलला सांगायचं की आम्ही निराधार आहोत. दोन्ही कागद सरकारच्याच कपाटात, दोन्हीवर तुमची सही. दत्तक झाल्यावरही दोन वर्षं मुलीची खुशाली बघायला भेटी होतात, हे विसरू नका. महिन्याच्या अडीच हजारांसाठी मुलीचं प्रकरण अशा चिखलात घालू नका. त्या माणसाला चहासुद्धा पाजू नका.

तर मग ऐपत आहे म्हणून दत्तक घेणाऱ्या घराला काय मिळतं? ज्या मदतीला गरिबीची अट नाही ती सगळी, आणि जिथे मर्यादा जरा माणसात आहे तिथली थोडी. त्या दोन्हींचं दार एकच, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यातला एक. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. तेव्हा संस्थेशी बोलताना पहिला प्रश्न हा ठेवा, तिचं प्रमाणपत्र झालं आहे का, किती टक्के, आणि मुदतीचं की कायमचं. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं देतात, कारण वाढत्या वयात चाल बदलते. कार्ड झालेलं असेल तर त्यावर संस्थेचा पत्ता आणि तिचं तिथलं नाव असणार. ते रद्द करून नवं काढायच्या फंदात पडू नका. क्रमांक तोच ठेवून नाव, पालक आणि पत्ता बदलून घ्या. त्यासाठी आधी दत्तकाचा आदेश, मग तुमची नावं असलेला जन्मदाखला, मग आधार, मग यूडीआयडी आणि रेशनकार्ड, अशी चाल ठेवा. मधली एक पायरी गाळली की पुढच्या खिडकीवरून परत यावं लागतं, आणि देवगडहून जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, जाऊन परत येणं म्हणजे एसटीत पूर्ण दिवस गेला. आधारचं एक ध्यानात असू द्या. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ती नेमकी त्या वयाची आहे, तेव्हा नावाची दुरुस्ती आणि ठसे एकाच फेरीत उरका.

कार्ड हातात आलं की सगळ्यात आधी निरामय करा. ही राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व एवढ्याच चार गटांसाठी आहे, आणि तुमची मुलगी त्यात थेट बसते. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, उत्पन्नाची वरची मर्यादा नाही, आधीच्या आजाराचं कारण सांगून कुणी हात झटकत नाही, विम्याआधी तपासणीही नाही. दारिद्र्यरेषेवरच्या घराला नोंदणी ५०० रुपये आणि दरवर्षीचं नूतनीकरण २५०. दुसरी कुठली विमा कंपनी जन्मापासूनचा आजार असलेल्या मुलीला एवढ्यात दारात तरी उभी करेल का? मुख्य म्हणजे फक्त दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे मिळतात असं नाही. बाह्यरुग्ण तपासणी आणि नियमित थेरपीही यात धरलेली आहे, प्रत्येकाला आपापली मर्यादा आहे इतकंच. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं लावून परत मागायचे, म्हणून फिजिओथेरपीच्या प्रत्येक वेळेची पावती सही-शिक्क्यासकट घ्या. वहीच्या फाटक्या पानावर ‘मिळाले ३०० रु.’ असं लिहिलेलं चालत नाही. आणि विम्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. तेव्हा तुमच्याकडे पेट्या भरायची घाई असते, घरात कुणाला तारीख-वार सुचत नाही. म्हणून नूतनीकरण फेब्रुवारीतच, मोहोराची फवारणी चालू असतानाच करून टाका.

स्प्लिंटचं आता. लोक त्याला सरसकट कॅलिपर म्हणतात, पण पोटरीपासून पावलापर्यंत येणारा तो प्लास्टिकचा साचा असतो आणि वर वेल्क्रोचे पट्टे. मूल वाढतं तसा तो घट्ट होतो, टाचेवर लाल वण उठायला लागले की समजायचं नवा हवा. आपल्याकडे पट्टे आणखी लवकर जातात. लाल माती वेल्क्रोच्या काट्यांत बसली की तो धरत नाही, आणि पावसाळ्यात आतल्या अस्तराला बुरशी. रात्री काढला की ओल्या फडक्याने पुसायचा, जुना दात घासायचा ब्रश घेऊन पट्टा साफ करायचा, चुलीपासून लांब सुकवायचा. प्लास्टिक उष्णतेने वाकडं होतं आणि मग तो पायाला चावतो. असा स्प्लिंट, वॉकर, खास खुर्ची यासाठी केंद्राची ‘एडिप’ योजना आहे. तिथे कुटुंबाचं मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, आणि तिथपासून ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत. तुमचं पावणेतीन लाख धरलं तर महिन्याला तेवीस हजारांच्या आसपास येतं, म्हणजे अर्धी मदत नक्की. आंबा गेला त्या वर्षी कदाचित पूर्णही. हे मात्र खरं उत्पन्न लिहून. मोठ्यांना तेच साधन पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांना एकच वर्ष. साधनं बहुधा शिबिरात वाटतात, आज मोजमाप आणि काही आठवड्यांनी वाटप. तोवर पाय थांबत नाही. पट्ट्या-बिट्ट्या तुटल्या तर शिबिराची वाट बघत बसू नका, बदलून घ्या.

दवाखान्याच्या मोठ्या खर्चाला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०२४ पासून ती सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. दाखल होऊन करायच्या शस्त्रक्रियांसाठी ती उपयोगी, रोजच्या व्यायामाला नाही. रेशनकार्डावर मुलीचं नाव चढलं नसेल तर ऐनवेळी तहसीलला पळापळ होते, म्हणून आधार हातात आलं की त्याच आठवड्यात नाव चढवा. शिवाय अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते. त्या पथकाला मुलगी दाखवून ठेवलीत की पुढची चिठ्ठी तेच देतात, १८ वर्षांपर्यंत.

शाळेचं थोडक्यात. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा त्याला हवी असल्यास विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा तिला नाकारू शकत नाही. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता आणि दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता असतो. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यासाठी अर्ज केला की गटसाधन केंद्राच्या यादीत नाव लागतं आणि विशेष शिक्षक शाळेत यायला लागतो. मला त्या दोनशेपेक्षा तो शिक्षक जास्त मोलाचा वाटतो.

एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सूट आहे. तुम्हाला बाई म्हणून निम्मं तिकीट आहेच. दोघींचा ओरोसचा खर्च त्यामुळे फारसा नाही. खर्च होतो तो दिवसाचा.

आयकर भरत नसाल तर हा परिच्छेद सोडा. दिव्यांग मुलाच्या खर्चापोटी ७५,००० आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट जुन्या करपद्धतीत मिळत आली आहे, नव्या पद्धतीत ती नाही. घरात कुणी पगारदार असेल तर त्यांच्या हिशेबनिसाला विचारा.

आता ग्रामपंचायत. दोन गोष्टी आहेत, एक यजमानांच्या कामाची आणि एक त्यांच्या धास्तीची. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के गावातल्या दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी हे पैसे वर्षअखेरीला कसेतरी संपवतात, एखाद्या कार्यक्रमात खुर्च्या नाहीतर छत्र्या वाटून. तुमच्याकडे माणूस आतला आहे, तर पुढच्या सभेत हिशेब मागवा, गावात कार्ड असलेले किती आहेत आणि त्यांना गेल्या वर्षी काय दिलं. मात्र आपल्या घरचा अर्ज ग्रामसभेपुढे उघड ठेवा आणि त्या विषयावर यजमानांनी गप्प बसावं. खेड्यात ‘सदस्याच्या पोरीला पहिलं’ हे वाक्य वणव्यासारखं पसरतं.

आणि सदस्यत्व जात नाही. दोनपेक्षा जास्त मुलं असली तर अपात्र ठरवणारं कलम महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्यात आहे, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की ‘मूल’ या शब्दात दत्तक मूल येत नाही. विरोधी गटातला कुणीतरी तरीही तक्रार ठोकेल, कोकणात निवडणूक हरलेल्या माणसाला वेळ खूप असतो. त्यासाठी दत्तकाच्या आदेशाची साक्षांकित प्रत घरात ठेवा.

एवढं सगळं मिळूनही तुमचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. ही मदत साधनाची, विम्याची, तिकिटाची आहे. एप्रिल-मे मध्ये बागेत माणसं लावून तुम्ही मुलीला घेऊन दवाखान्यात बसलात, त्या दिवसाची भरपाई कुणी देत नाही. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण हाडं वाढतात तसे स्नायू मागे राहतात, ताठरतात. म्हणून उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत व्यायाम, नवा स्प्लिंट, कधी इंजेक्शन, कधी शस्त्रक्रिया, असं एकदम अंगावर येतं. मधली वर्षं तशी शांत जातात. त्या दृष्टीने बाजूला टाकायला थोडे पैसे लागतील. माझं मत विचारलंत तर आंब्याचा पैसा हातात आला की त्यातला ठरावीक भाग तिच्या नावाने पोस्टात टाका आणि त्याला हात लावू नका.

हा अंदाज नीट बांधायचा तर तिचा वैद्यकीय अहवाल वाचून घ्यावा लागेल. पोर्टलवर मूल राखून ठेवल्यावर भेट आणि होकार यासाठी ३० दिवस असतात, आणि त्या मुदतीत अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवायची मुभा आहे. ती जरूर वापरा. कणकवली, कोल्हापूर, जिथे बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा लहान मुलांचा हाडांचा डॉक्टर मिळेल तिथे जा आणि नेमकं विचारा. फिट येतात का, रोजचं औषध चालू आहे का? जीएमएफसीएसची पायरी कितवी? (ही चालण्याची एक ते पाच अशी मोजणी आहे, एक म्हणजे जवळजवळ सगळं स्वतः करणारं मूल आणि पाच म्हणजे मान धरायलाही आधार लागणारं.) खुब्याचा एक्स-रे कधी काढला होता? बोलणं, गिळणं, ऐकणं, नजर कशी आहे? स्प्लिंट लावून चालते म्हणजे पायरी फार वरची नसावी, पण अंदाजावर जाऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकून तुम्ही नाही म्हणालात तर त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. घरी आणून सहा महिन्यांनी परत सोडलेलं मूल मी पाहिलं आहे. त्यापेक्षा आधीचा नकार कितीतरी बरा.

संस्थेला नियमावलीत ठरलेलं शुल्कच द्यायचं, पावती घेऊन. ‘मूल आजारी आहे, औषधाला काहीतरी द्या’ अशी देणगी कुणी मागितली तर देऊ नका आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कानावर घाला. त्यांचं आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं काम ओरोसलाच चालतं, दाखल्यांच्या फेरीत तिथेही डोकावा.

हे छापून येईपर्यंत ती मुलगी पोर्टलवर असेल किंवा तिला घर मिळालेलं असेल. मिळालं असेल तर आनंदच आहे. वर लिहिलेलं पुढच्या मुलालाही लागू पडतं, फक्त निरामय त्या चार गटांपुरतंच आहे हे लक्षात ठेवा. ऐकू न येणाऱ्या मुलाला ते मिळणार नाही, पण त्याला एडिपमधून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रासाठी, मदत असते. ती अगदी लहान वयातच मिळते, त्यामुळे तिथे दिवस मोजून धावावं लागतं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचा प्रश्न मला उद्धट वाटला नाही. दोन नातींना सांभाळताना त्यांची कंबर गेली असेल आणि तिसरी, जिला उचलून न्हाणीघरात न्यावं लागेल, ती कुणाच्या वाट्याला येणार हे त्यांना बरोबर दिसतंय. त्यांना योजनांची यादी वाचून दाखवू नका. तुम्ही आंबापोळीच्या कामात असताना मुलीला कोण बघणार, सकाळचा व्यायाम कोण घेणार, ओरोसची फेरी तुमची की यजमानांची, हे दोघांनी बसून ठरवा आणि त्यात त्यांचं नाव कुठेही येणार नाही असं त्यांना सांगा. न्हाणीघरात आणि पडवीच्या पायरीला धरायला पाइप लावून घ्या, तो तुमच्या मुलीच्या आधी त्यांच्याच उपयोगी पडेल. आणि राखून ठेवायचं बटण दाबायच्या आधी यजमानांनी त्यांच्याशी एकदा बोलावं. तुम्ही नाही, त्यांनी.